हाकेला ओ : मोबाइल आणि टॉवर यांच्यातली पोचपावती

कोकणातल्या खाड्यांवर पूल आणि फेरीबोटी येण्यापूर्वी पैलतीरावरची होडी बोलवायची, तर काठावर उभे राहून हाळी घालावी लागे. मालवणी मुलखात तिला कुकारो म्हणतात. हाळी घालणारा मग कान देऊन थांबे. पलीकडून ‘ओ’ आली, तर होडी सुटणार हे कळे. आली नाही, तर हाक पोचलीच नाही की पोचली पण उत्तर वाऱ्यावर गेले, हे त्याला ठरवता येत नसे. आज त्याच खाडीकाठी खिशातला मोबाइल आणि डोंगरावरचा टॉवर यांच्यापुढे हाच पेच सेकंदाला शेकडो वेळा उभा राहतो.

४जी जाळ्यात टॉवर माहितीचे गठ्ठे एकेका मिलिसेकंदात पाठवतो आणि प्रत्येक गठ्ठ्यासोबत एक छोटा नियंत्रण संदेश असतो : हा गठ्ठा कोणासाठी, कोणत्या लहरींवर, कोणत्या पद्धतीने उलगडायचा. गठ्ठ्याला जोडलेल्या तपासणीच्या बिटांवरून तो शाबूत आहे की नाही हे फोन पाहतो आणि साधारण ४ मिलिसेकंदांनी एका बिटात उत्तर देतो : मिळाला किंवा नाही मिळाला. नाही मिळाला, तर टॉवर पुन्हा पाठवतो. मात्र फोन आधीचा बिघडलेला गठ्ठा टाकून न देता नव्याशी जोडून दोन्हींतून मूळ माहिती काढतो. या पद्धतीला ‘हायब्रिड एआरक्यू’ म्हणतात. तिच्या भरवशावर अभियंते पहिल्या प्रयत्नात सुमारे १०% गठ्ठे बिघडतील असे जाणूनबुजून धरून चालतात, कारण प्रत्येक गठ्ठा पहिल्याच फेरीत अचूक पोचवायचा हट्ट धरला, तर लहरींची फार उधळपट्टी होते.

ही सूट उत्तराच्या त्या एका बिटाला मिळत नाही. ‘ओ’ ऐकू आली, हे कळवायला पुन्हा कोणी ओ देत नाही. दिली, तरी तिच्याही पोचीची शंका उरतेच. शिवाय इथल्या दोन चुकांची किंमत सारखी नाही. ‘मिळाला’चे ‘नाही मिळाला’ ऐकू आले, तर टॉवर तोच गठ्ठा आणखी एकदा पाठवतो, एवढेच नुकसान. उलट ‘नाही मिळाला’चे ‘मिळाला’ झाले, तर टॉवर तो गठ्ठा विसरून पुढे जातो. मधली पोकळी वरच्या थरातल्या संथ यंत्रणेला शोधून भरावी लागते आणि ४जीवरच्या संभाषणात तर ती सहसा भरलीच जात नाही, बोलण्यातले एखादे अक्षर कायमचे हरवते. म्हणूनच ५जीच्या मानकांत पहिल्या प्रकारची चूक तपासताना १% मर्यादा आहे, तर दुसरीसाठी ०.१%. मला या रचनेतली सर्वांत समंजस गोष्ट हीच वाटते.

तिसरी शक्यता शांततेची आहे. नियंत्रण संदेशच चुकला, तर आपल्यासाठी काही आले होते हेच फोनला कळत नाही आणि तो गप्प राहतो. टॉवरने त्या वेळच्या खरखरीलाच ‘मिळाला’ समजू नये, यासाठी उत्तर ठरावीक पातळीपेक्षा स्पष्ट असल्याशिवाय मान्य होत नाही. एकापाठोपाठ अनेक गठ्ठे आल्यावर एकत्रित उत्तर द्यायचे असेल, तेव्हा नियंत्रण संदेशांवर क्रमांकही घातले जातात. पहिल्यानंतर थेट तिसरा आला, की मधला आपण ऐकलाच नाही हे फोनला उमगते.

टॉवरकडून येणारा नियंत्रण संदेश भक्कम करणे तुलनेने सोपे आहे. तो मुद्दाम साध्या, सावकाश पद्धतीने पाठवतात आणि दूरच्या फोनसाठी ४जीत ८ पट, ५जीत १६ पटीपर्यंत जास्त जागा देतात. त्यासाठी ५जीने तुर्की शास्त्रज्ञ एर्दाल अरिकान यांनी २००९ मध्ये मांडलेले ‘पोलर कोड’, म्हणजे वाटेत झालेल्या चुका दुरुस्त करता येतील अशी संदेशाची गणिती बांधणी, स्वीकारले, आणि आपल्याला हाक आल्याचा भास फोनला होऊ नये म्हणून तपासणीचे बिट १६ वरून २४ केले. फोनच्या एका बिटाच्या उत्तराला मात्र असे कवच घालता येत नाही. ते पसरूनच टिकवावे लागते. ४जीत हे उत्तर मिलिसेकंदभर लांबवतात, त्यातला अर्धा भाग लहरींच्या पट्ट्याच्या एका टोकाला आणि उरलेला दुसऱ्या टोकाला पाठवतात. डोंगरउतारांवरून परतलेल्या लहरी एकमेकींना मारून एक टोक बुजवत असल्या, तरी दुसरे बहुधा मोकळे असते.

किनाऱ्यावरची ‘रेंज दिसते, पण नेट चालत नाही’ ही तक्रार बरेचदा इथूनच उगम पावते. फोनवरच्या दांड्या टॉवरचा आवाज आपल्याला किती ऐकू येतो ते सांगतात, आपला आवाज टॉवरला किती पोचतो ते नव्हे. टॉवरचा रेडिओ अनेकदा २० ते ४० वॉटचा असतो, फोनची कमाल शक्ती साधारण ०.२ वॉट. टॉवर सड्यावर आणि आपण खाली ओल्या माडा-पोफळींच्या आगरात असलो, की ही तफावत जाणवते. पावसाच्या थेंबांना यात उगाच दोष मिळतो. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर असल्याने थेंब तिला फारसे अडवत नाहीत, ओली पानेच जास्त अडवतात.

अशा जागी तेच उत्तर २, ४ किंवा ८ वेळा पाठवण्याची सोय ५जीत आहे. प्रत्येक खेपेने टॉवरच्या पदरी थोडी जास्त ऊर्जा पडते आणि खरखरीतून उत्तर वर येते. मात्र बॅटरी तेवढी खर्च होते आणि उत्तर पक्के होण्यास उशीर लागतो. जिथे ३२ बाइटचा संदेश १ मिलिसेकंदात ९९.९९९% खात्रीने पोचवायचा असतो, तिथे इतकी उसंतच नसते. तिथे गठ्ठाच पहिल्या खेपेला इतका भक्कम पाठवावा लागतो, की उत्तराची वाट पाहण्याची वेळच शक्यतो येऊ नये.