दाढ काढल्यावर उरलेला खड्डा

दाढ काढून दवाखान्यातून बाहेर पडणाऱ्याच्या हातात सूचनांचा एक कागद असतो. बोळा अर्धा-पाऊण तास दाबून धरा, आज चूळ भरू नका, थुंकू नका, गरम काही घेऊ नका, तंबाखूला हात लावू नका. ओठ बधिर असल्यामुळे माणूस नुसती मान डोलावतो आणि जिना उतरताच कोपऱ्यात पहिली लाल पिचकारी टाकतो. त्या कागदावरच्या जवळजवळ सगळ्या सूचना एकाच गोष्टीसाठी आहेत. खड्ड्यात साकळलेली रक्ताची गुठळी जागची हलू नये, एवढंच. हे कारण आधी सांगितलं, तर निम्मा कागद छापावाच लागणार नाही, असं मला वाटतं.

पण आधी खड्ड्याकडे. दात ‘उपटतात’ असं आपण म्हणतो, तरी चांगला डॉक्टर तो वर ओढत नाही. दाताचं मूळ जबड्याच्या हाडाला थेट चिकटलेलं नसतं. दोहोंमध्ये साधारण पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा पडदा असतो. चावताना बसणारा दाब तो झेलतो, आणि खडा दाताखाली आला की लगेच कळतं तेही त्यातल्या मज्जातंतूंमुळे. एलिव्हेटर नावाचं पातळ टोकाचं हत्यार मूळ आणि हाड यांच्या फटीत सरकवलं की हे तंतू तुटू लागतात. मग दात चिमट्यात धरून आधी आत, मुळाच्या दिशेने दाबायचा आणि गालाकडे-जिभेकडे सावकाश झुकवत राहायचं. जबड्याचं हाड जिवंत असतं, थोडं लवतं. जमिनीत रोवलेली मेख हलवून हलवून सैल करावी तसा खड्डा रुंदावतो आणि दात मोकळा होतो. वरच्या जबड्याचं हाड सच्छिद्र असल्याने तिथे हे सहज जमतं. खालच्या दाढांपाशी हाड जाड आणि घट्ट असतं, म्हणून तिथे वेळ लागतो.

अक्कलदाढेला ही युक्ती बहुतेकदा पुरत नाही. ती साधारण सतरा ते पंचवीस या वयात वर येऊ पाहते. तोवर जबड्यात जागा उरलेली नसेल, तर ती आडवी होऊन पुढच्या दाढेला टेकते किंवा हाडातच अडकते. मग हिरडी बाजूला करायची, वरचं हाड थोडं कोरायचं, दाढेचे ड्रिलने दोन-तीन तुकडे करायचे आणि एकेक तुकडा बाहेर काढायचा. ड्रिल चालू असताना तोंडात पाण्याची धार सुरू असते आणि रुग्णाला त्याचाच जास्त वैताग येतो. पण ती धार हवीच. स्वीडनमध्ये सशांच्या हाडांवर झालेल्या आणि १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं, की हाड ४७ अंश सेल्सिअसला जेमतेम मिनिटभर तापलं तरी त्याच्या भरून येण्यात बाधा येते. कोरडं ड्रिल ही मर्यादा सहज ओलांडतं.

खालच्या अक्कलदाढेच्या मुळांलगत, कधी अगदी खेटून, एक नस जाते. खालच्या ओठाची आणि हनुवटीची संवेदना तिच्यातून येते. संपूर्ण जबड्याचा ओपीजी नावाचा एक्स-रे काढतात तो मुख्यतः हे अंतर पाहायला. मुळं नसेला फारच चिकटलेली दिसली तर काही वेळा दाढेचा वरचा भाग तेवढा कापतात आणि मुळं जागीच ठेवतात. अर्धवट काम वाटलं तरी ओठ कायमचा बधिर होण्यापेक्षा ते परवडतं. मुळात काहीही त्रास न देणारी, गपगुमान पडून असलेली अक्कलदाढ केवळ खबरदारी म्हणून काढू नये, असा सल्ला ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २००० साली दिला. त्यावर दंतवैद्यांत अजून वाद आहेत. माझं झुकतं माप त्या सल्ल्याकडे आहे, मात्र दाढ अधूनमधून तपासून घ्यायची तयारी हवी.

भुलेचं इंजेक्शन बहुधा लिग्नोकेनचं असतं. हे औषध स्वीडनच्या निल्स लॉफग्रेन यांनी १९४३ साली तयार केलं. त्याआधी, १८८४-८५च्या सुमारास, अमेरिकी शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी जबड्याची नस कोकेनने बधिर करून दाखवली होती. स्वतःवर प्रयोग करता करता ते त्याच्या आहारी गेले. लिग्नोकेन मज्जातंतूच्या आत शिरतं आणि सोडियम आत येण्याच्या वाटा आतल्या बाजूने बंद करतं. सोडियम आत येईना की वेदनेचा संदेश पुढे सरकत नाही. पण मज्जातंतूचं आवरण ओलांडायला औषधाचे कण विद्युतभाररहित असावे लागतात. पू झालेल्या जागी आम्लता वाढलेली असते, त्यामुळे बहुतेक कण भारित होतात आणि बाहेरच राहतात. ‘सूज आहे, आधी ती उतरू दे’ असं डॉक्टर म्हणतात त्यामागे हेही एक कारण असतं. अशा वेळी कधी पू वाट करून काढून टाकतात, कधी सुजेपासून लांब, नसेच्या उगमाकडे भूल देतात.

वरची दाढ काढली की डोळा अधू होतो, ही समजूत आपल्याकडे शिकलेल्या घरांतही ऐकू येते. वरच्या दातांच्या संवेदनेची एक फांदी डोळ्याखालच्या हाडातून जाते हे खरं, पण दृष्टीची नस पूर्णपणे वेगळी आहे. डोळ्यांना खरा धोका दाढ काढण्यात नसून वरच्या दाताचा पू वर्षानुवर्षं अंगावर काढण्यात आहे, कारण तो संसर्ग क्वचित डोळ्याच्या खोबणीपर्यंत पसरू शकतो.

आता ती गुठळी. दाढ निघाल्यावर काही मिनिटांत खड्डा रक्ताने भरतो आणि रक्त साकळतं. बोळ्याचा दाब तेवढ्यासाठीच असतो. गुठळीत फायब्रिनच्या धाग्यांचं जाळं असतं. त्या जाळ्याच्या आधाराने नव्या रक्तवाहिन्या आणि पेशी कडेकडून आत सरकतात आणि आठवडाभरात तिथे कोवळी लालसर ऊती दिसू लागते. ही गुठळी निघून गेली किंवा वेळेआधी विरघळली, तर खालचं हाड उघडं पडतं. दंतवैद्य याला ‘ड्राय सॉकेट’ म्हणतात. साध्या दाढेनंतर हे थोड्यांनाच होतं, खालच्या अक्कलदाढेनंतर मात्र बरंच जास्त.

त्याची ओळख वेळेवरून पटते. साधं दुखणं पहिल्या दिवशी सर्वाधिक असतं आणि मग ओसरत जातं. गालाची सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढते, त्याने घाबरायचं कारण नाही. पण दुखणं कमी होता होता तिसऱ्या दिवशी एकदम उसळलं, कानापर्यंत ठणका गेला आणि तोंडाला दुर्गंधी आली, तर तो बहुधा ड्राय सॉकेट. यावर घरात पडलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घेऊन भागत नाही. डॉक्टर खड्डा धुऊन त्यात औषधी पट्टी भरतात. तिच्यात बहुधा युजेनॉल असतं, म्हणजे लवंगेच्या तेलातला मुख्य घटक. ठणका बहुतेकदा थोड्याच वेळात उतरतो.

गुठळी वेळेआधी विरघळण्यामागे रक्तातलं प्लाझ्मिन हे विकर असतं. जखमेला जास्त धसमुसळेपणा झाला किंवा संसर्ग झाला की ते जास्त सक्रिय होतं. गर्भनिरोधक गोळ्यांनी धोका वाढतो आणि धूम्रपानानेही, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. स्ट्रॉने प्यायल्याने गुठळी ओढली जाते यामागचा पुरावा त्यामानाने तुटपुंजा आहे. म्हणजे त्या कागदावरचा एकच नियम पाळायचा असेल तर तंबाखूचा पाळावा. आपल्याकडे तंबाखू म्हणजे नुसती सिगारेट नव्हे. दात दुखतो म्हणून मिश्री दाबून ठेवायची सवय असलेल्या आजी दाढ काढल्याच्या संध्याकाळीही डबी उघडतात, आणि डॉक्टरांनी ‘सिगारेट ओढू नका’ एवढंच सांगितलं असेल तर आजींचं काही चुकलं असं म्हणता येत नाही.

गुठळी टिकली तर पुढचं काम शरीर करतं. काही आठवड्यांत कोवळं हाड धरतं, खड्डा पुरता भरायला काही महिने लागतात. पण जबडा पूर्वीसारखा रुंद राहत नाही. डेन्मार्कमध्ये ४६ रुग्णांवर झालेल्या, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काढलेल्या दाढेच्या जागची रुंदी वर्षभरात सरासरी १२ मिलिमीटरवरून ६च्या आत आली, आणि त्यातली दोन तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतली होती. इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवलेला कृत्रिम दात, बसवायचा विचार असेल तर तो दाढ काढण्याआधीच डॉक्टरांशी बोलावा.

आधीच सांगायच्या आणखी काही गोष्टी आहेत. हाडं ठिसूळ झाल्यावर किंवा कर्करोग हाडात पसरल्यावर बिस्फॉस्फोनेट गटाची औषधं देतात. ती हाडाची मोडतोड थांबवतात, पण त्याबरोबर दुरुस्तीही मंदावते. ही औषधं घेणाऱ्यांत जबड्याचं हाड मृत होऊन उघडं पडल्याची ३६ उदाहरणं फ्लोरिडातले शल्यविशारद रॉबर्ट मार्क्स यांनी २००३ साली मांडली, तेव्हापासून दंतवैद्य याबद्दल आवर्जून विचारतात. आठवड्याला एक गोळी घेणाऱ्यांना धोका कमी, कर्करोगासाठी शिरेतून मोठे डोस घेणाऱ्यांना जास्त. जबड्याला रेडिएशन मिळालं असेल तर तेही सांगायचं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. पूर्वी दाढेसाठी अ‍ॅस्पिरिन सर्रास थांबवत. आता टाके आणि दाब यांनी तोंडातला रक्तस्राव आटोक्यात येतो, आणि गोळी बंद केल्याने हृदयात किंवा मेंदूत गुठळी होण्याचा धोका त्याहून मोठा मानला जातो. नावं लक्षात राहत नसतील तर गोळ्यांची पिशवीच सोबत न्यावी.