खपलीसुद्धा गहूच असते

गेल्या महिन्यात एका धान्य महोत्सवात खपली गव्हाची पाकिटं मांडलेली दिसली. पाकिटावर ठळक हिरव्या अक्षरांत 'ग्लूटेन फ्री' आणि त्याखाली 'सिलिअ‍ॅकच्या रुग्णांसाठी उत्तम'. माझ्यापुढे उभ्या असलेल्या आजी नातवासाठी पाच किलो घेत होत्या. नातवाला सिलिअ‍ॅक निघालाय (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होते तो आजार), डॉक्टरांनी गहू बंद केलाय. "पण हा जुना, देशी गहू. हा चालतो," असं विक्रेता त्यांना पटवत होता. न राहवून मी मध्ये पडलो. विक्रेत्याचा चेहरा पडला, आजींनी पाकिटं परत ठेवली खरी, पण त्यांच्या नजरेत माझ्यापेक्षा त्या हिरव्या अक्षरांवरच जास्त विश्वास होता. हा लेख त्यांच्यासाठी.

खपलीशी माझं भांडण नाही. खपलीची गूळ घातलेली खीर ज्याने खाल्ली आहे तो तिच्याविरुद्ध बोलूच शकणार नाही. तिच्यात ग्लूटेन नाही, एवढंच साफ खोटं आहे.

ग्लूटेन डोळ्यांनी बघायचं असेल तर प्रयोगशाळा लागत नाही. लिंबाएवढा कणकेचा घट्ट गोळा अर्धा तास झाकून ठेवा आणि मग पाणी भरलेल्या वाडग्यात बोटांनी हलके हलके चोळत राहा. पाणी दुधासारखं पांढरं होईल, तो स्टार्च. पाणी बदलत राहिलं की शेवटी हातात एक करडा, ताणला तर लांबणारा आणि सोडला तर आखडणारा गोळा उरतो. तेच ग्लूटेन. इटलीतल्या बोलोन्याच्या याकोपो बेक्कारी यांनी 1728 मध्ये हा प्रयोग विद्वानांपुढे मांडला आणि रसायनशास्त्राच्या इतिहासात जागा मिळवली. आपल्याकडे दर उन्हाळ्यात कुरडयांसाठी भिजवलेला गहू वाटून, गाळून चीक काढतात, ती क्रिया याच जातीची. चीक म्हणजे स्टार्च, आणि मागे उरलेल्या चोथ्यात कोंड्याबरोबर बरंचसं ग्लूटेन. (म्हणून कुरडई सिलिअ‍ॅकवाल्यांना चालते असं मात्र नाही. घरच्या चिकात पुरेसं ग्लूटेन उतरतं.)

पोळी लाटता येते, फुगते, दुमडली तरी मोडत नाही, ती या चिवट पदार्थामुळे. ज्वारीच्या पिठात तो नाही. म्हणून भाकरी लाटत नाहीत, थापतात, आणि पिठाची विरी गेली की कढत पाण्याने मळावं लागतं.

ग्लूटेन हे एक प्रथिन नाही, ग्लायाडिन आणि ग्लूटेनिन अशा दोन गटांतल्या अनेक प्रथिनांचं ते मिश्रण आहे. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ, हे शाळेत शिकलेलं असतं. आपली पचनसंस्था माळ तोडून मणी सुटे करते आणि सुटे मणी किंवा दोन-तीन मण्यांचे तुकडे आतडं शोषून घेतं. ग्लूटेनची अडचण अशी की त्यात प्रोलिन नावाचा मणी जागोजागी आहे. प्रोलिनची रचना इतर अमिनो आम्लांपेक्षा वेगळी, स्वतःवरच वळलेली. त्यामुळे त्याच्या शेजारचा बंध आपल्या जठरातल्या आणि स्वादुपिंडातल्या विकरांना (एन्झाइम्सना) तोडता येत नाही. 2002 साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी ग्लायाडिनचा असा एक तुकडा दाखवून दिला जो या सगळ्या विकरांच्या तडाख्यातून अख्खा बाहेर पडतो. लांबी 33 अमिनो आम्लं. त्यातली 13 प्रोलिन आणि 10 ग्लुटामिन. उरतात फक्त दहा.

हा तुकडा तुमच्या-माझ्या सगळ्यांच्याच आतड्यात तयार होतो. बहुतेकांना त्याचं काही होत नाही. ज्यांना होतं त्यांच्या आतड्यात पुढे जे घडतं ते मला जीवरसायनशास्त्रातलं सगळ्यात देखणं, आणि सगळ्यात दुष्ट, प्रकरण वाटतं. जरा सावकाश जाऊ.

आतड्याच्या अस्तराखाली ट्रान्सग्लुटामिनेज नावाचं एक विकर असतं. काम अगदी सज्जनाचं: इजा झाली की तिथल्या प्रथिनांमधली ग्लुटामिन पकडून ती दुसऱ्या प्रथिनाला जोडायची आणि जखम सांधायची. ग्लुटामिनने गच्च भरलेला तो 33चा तुकडा या विकराच्या हाती लागतो. जोडायला दुसरं प्रथिन हाताशी नसेल तर विकर ग्लुटामिनवरचा अमोनियाचा भाग काढून टाकतं, आणि ग्लुटामिनचं ग्लुटामिक आम्ल होतं. बदल किरकोळ दिसतो, पण ग्लुटामिन विद्युतदृष्ट्या उदासीन असतं आणि ग्लुटामिक आम्लावर ऋण प्रभार असतो. शिवाय हे विकर सरसकट कुठलीही ग्लुटामिन घेत नाही. ग्लुटामिन, मग कुठलंही एक अमिनो आम्ल, मग प्रोलिन, अशी ओळ दिसली की त्यातली ग्लुटामिन ते आवडीने बदलतं. ग्लूटेनमध्ये ही ओळ पुन्हा पुन्हा येते.

आता दुसरं पात्र. आपल्या सहाव्या गुणसूत्रावर एचएलए नावाची जनुकं असतात. त्यांच्यापासून बनणारी प्रथिनं पेशीच्या पृष्ठभागावर उभी असतात आणि आपल्या खाचेत प्रथिनांचे तुकडे धरून ते टी-पेशींना, म्हणजे शरीराच्या पहारेकरी पेशींना, दाखवतात. टी-पेशीने तुकडा परका ठरवला की हल्ला. या एचएलएचे माणसागणिक वेगवेगळे प्रकार असतात. त्यातल्या डीक्यू-2 या प्रकाराच्या खाचेत एका वेळी नऊ अमिनो आम्लं बसतात आणि चौथ्या, सहाव्या, सातव्या जागी तिला ऋण प्रभार हवा असतो. डीक्यू-8 ला तो पहिल्या आणि नवव्या जागी हवा असतो. मूळ ग्लायाडिनचा तुकडा या खाचेत सैल बसतो, निसटतो. विकराने बदललेला तुकडा घट्ट बसतो. शिवाय त्या 33च्या एका तुकड्यात एकमेकांवर चढलेल्या अशा सहा नऊ-नऊच्या ओळी आहेत. म्हणजे एकच तुकडा टी-पेशींना सहा वेळा चिथावतो.

चिथावलेल्या टी-पेशी इंटरफेरॉन-गॅमा हे दाह पेटवणारं प्रथिन सोडतात, अस्तरातल्या इतर मारेकरी पेशी जाग्या होतात आणि अस्तराच्या पेशी मरू लागतात. दाह झाला की ट्रान्सग्लुटामिनेज आणखी कामाला लागतं, आणखी तुकडे बदलले जातात. लहान आतड्याच्या आत शोषणाचं क्षेत्रफळ वाढवणारे जे मिलिमीटरभर उंचीचे उंचवटे असतात (पाठ्यपुस्तकातले विलाय), ते झिजत झिजत सपाट होतात. नुकसान सगळ्यात जास्त होतं ते जठराला लागून असलेल्या पहिल्या भागात, आणि लोह शोषलं जातं नेमकं तिथेच. म्हणूनच पुष्कळ मोठ्या माणसांत सिलिअ‍ॅकची पहिली खूण जुलाब नसते, कितीही गोळ्या खाल्ल्या तरी न वाढणारं हिमोग्लोबिन असते. मुलांत खुंटलेली उंची, काहींत ठिसूळ हाडं.

एक धागा राहिला. या आजारात रक्तात प्रतिपिंडं (अँटिबॉडी) सापडतात ती चक्क त्या सज्जन विकराविरुद्ध, म्हणजे शरीराच्याच प्रथिनाविरुद्ध. हे 1997 मध्ये जर्मन संशोधकांनी ओळखलं. असं का व्हावं? प्रतिपिंडं बनवणारी बी-पेशी विकर गिळते तेव्हा त्याला चिकटलेला ग्लायाडिनचा तुकडाही आत जातो. तो तुकडा ती टी-पेशीला दाखवते, टी-पेशी "कर हल्ला" म्हणते, आणि बी-पेशी मात्र प्रतिपिंडं करते विकराविरुद्ध. हे आजवरचं सर्वमान्य स्पष्टीकरण. त्यातून एक गोष्ट आपोआप निघते: गहू बंद झाला तर टी-पेशीचा हुकूमही बंद, आणि प्रतिपिंडं हळूहळू ओसरतात. तसंच होतं. हा स्वप्रतिकारक आजारांपैकी विरळा आजार आहे ज्यात ठिणगी कुठली ते नक्की माहीत आहे आणि ती बाजूला ठेवता येते.

म्हणूनच एक विनंती: शंका आली म्हणून स्वतःच्या मनाने गहू सोडून मग तपासणीला जाऊ नका. महिनोन्‌महिने गहू बंद असेल तर टीटीजी-आयजीए ही, त्या विकराविरुद्धची प्रतिपिंडं मोजणारी, रक्तचाचणी निगेटिव्ह येऊ शकते आणि बायोप्सीत आतडंही सुधारलेलं दिसू शकतं. आधी चाचणी, मग पथ्य. सोबत एकूण आयजीएही (हा प्रतिपिंडांचाच एक प्रकार) मोजून घ्यावं, कारण काहींच्या शरीरात ते मुळातच कमी असतं आणि चाचणी फसते.

आता खपली. गव्हाच्या आदिम जातीत एक जनुकसंच होता, त्याला 'ए' म्हणू. खपलीत दोन आहेत, 'ए' आणि 'बी'. नेहमीच्या पोळीच्या गव्हात तीन, 'ए', 'बी' आणि 'डी'. तो कुप्रसिद्ध 33चा तुकडा येतो 'डी' संचातून. म्हणजे खपलीत तो नाही, आणि विक्रेत्यांच्या दाव्याला विज्ञानाचा एवढाच तंतू लागतो. पण 'ए' संचातल्या ग्लायाडिनांमध्येही डीक्यू-2 च्या खाचेत बसणाऱ्या ओळी आहेत, आणि चिथावणीला त्या पुरतात. सोपा पुरावा हवा असेल तर इटलीकडे बघा. पास्ता ज्या डुरम गव्हाचा करतात (आपला बन्सी त्याच घराण्यातला) त्याचेही संच 'ए' आणि 'बी', खपलीसारखेच. आणि इटलीतल्या सिलिअ‍ॅक रुग्णांना पास्ता वर्ज्य आहे.

याच्याच जोडीला येणारी दुसरी दंतकथा म्हणजे 'हरितक्रांतीच्या संकरित गव्हाने हा आजार आणला'. लंडनचे सॅम्युअल गी यांनी या आजाराचं वर्णन 1888 मध्ये केलं. इटलीतल्या कोसा गावी सापडलेल्या पहिल्या शतकातल्या एका तरुणीच्या सांगाड्यावर कुपोषणाच्या खुणा होत्या आणि तिच्या डीएनएमध्ये डीक्यू-2 निघालं. तिने हरितक्रांतीचे जनक नॉर्मन बोरलॉग यांचा बुटका गहू खाल्ला नव्हता. गव्हाचा संबंध सिद्ध केला तो डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी. त्यांना संशय 1930 च्या दशकापासून होता. 1944-45 च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली, पाव मिळेना, आणि त्यांचे बालरुग्ण उलट सुधारले. पाव परत आला तशी मुलं पुन्हा आजारी पडली. 1950 मध्ये त्यांनी प्रबंध लिहिला. त्याआधी पंचवीसेक वर्षं अमेरिकेत सिडनी हास यांचा केळ्यांचा आहार गाजत होता. मुलं बरी होत, कारण त्या आहारात गहू नसे, पण श्रेय मिळालं केळ्याला. आजही कुणाच्या 'चमत्कारिक' आहाराने पोट बरं झालं की मी आधी बघतो, त्यात गहू आहे का.

उलट टोकाचा प्रचारही तितकाच पोकळ. ज्यांना सिलिअ‍ॅक नाही त्यांनी 'त्वचा उजळते', 'चरबी झडते' म्हणून चौपट किमतीची ग्लूटेन-फ्री बिस्किटं खाण्यात अर्थ नाही. पोळी खाऊन पोट फुगणाऱ्या अनेकांत दोष ग्लूटेनचा नसून गव्हातल्या फ्रुक्टॅन या शर्करेचा असल्याचं नॉर्वेतल्या 2018 च्या एका अभ्यासात दिसलं. फ्रुक्टॅन कांद्या-लसणातही असतं.

आपल्याकडे हा आजार किती? 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या भारतीय अभ्यासात उत्तरेत 1.23 टक्के लोकांत तो निघाला, दक्षिणेत 0.10 टक्के. डीक्यू-2 किंवा डीक्यू-8 बाळगणारे मात्र दोन्हीकडे जवळपास सारखेच, शंभरात 36 ते 38. फरक ताटात होता: दिवसाला सरासरी 455 ग्रॅम गहू आणि 25 ग्रॅम गहू. ज्वारी-बाजरी सोडून पोळीकडे वळलेल्या आपल्या घरांनी या आकड्यांकडे जरा बघावं.

पथ्याचं म्हणाल तर मराठी स्वयंपाकघर त्याला अनुकूलच आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, राजगिरा, साबुदाणा, सगळं चालतं. उकडीचे मोदक चालतात. तळणीचे नाहीत, पुरणपोळी नाही, रवा-शेवया-लापशी नाही. जवही नाही, त्यामुळे माल्ट घातलेली दुधातली पावडरही गेली. हे सगळे उघड शत्रू. घात करतात ते छुपे. मेतकुटात गहू असतो, आणि आजारी मुलाला आपण प्रेमाने तेच भातावर घालतो. थालिपिठाच्या भाजणीत बहुतेक घरी मूठभर गहू पडतो. बाजारच्या हिंगात मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं आणि तो हिंग रोज प्रत्येक फोडणीत जातो. डबीवरची बारीक अक्षरं वाचून तांदळाच्या पिठाचा किंवा शुद्ध हिंग घ्यावा.

आणि गिरणी. हिशेब करा. एका पोळीच्या 30 ग्रॅम कणकेत साधारण अडीच ग्रॅम ग्लूटेन. रोज 50 मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने पोटात गेलं तर आतड्यावर परिणाम दिसतो, असं एका इटालियन चाचणीत आढळलं. हा झाला पोळीचा पन्नासावा हिस्सा. 'ग्लूटेन फ्री' म्हणायची मर्यादा किलोमागे 20 मिलिग्रॅम. गव्हानंतर लगेच त्याच जात्यावर ज्वारी टाकली आणि किलोभर पिठात चमचाभर, म्हणजे तीनेक ग्रॅम, कणीक आली, तर ग्लूटेन झालं अडीचशे मिलिग्रॅम. मर्यादेच्या बारा पट. घरात घरघंटी घ्यावी आणि तिच्यात गहू कधीच घालू नये, हा यावरचा खात्रीचा उपाय. पोळपाट-लाटणं आणि तवाही वेगळा.

सत्यनारायणाच्या शिऱ्यापाशी मात्र शास्त्र हरतं. "प्रसादाने कुणाला काही होत नाही" हे वाक्य या मुलांना प्रत्येक पूजेला ऐकावं लागतं. टी-पेशींना नैवेद्य दाखवलेला रवा आणि न दाखवलेला रवा यांतला फरक कळत नाही. गोव्यातल्या कॅथलिक कुटुंबांपुढेही हाच पेच आहे. व्हॅटिकनने 2017 च्या पत्रात पुन्हा स्पष्ट केलं की कम्युनियनची (चर्चमध्ये प्रसादासारखी मिळणारी) वेफर पूर्ण ग्लूटेनमुक्त असेल तर ती ग्राह्य नाही, पण अत्यल्प ग्लूटेनची चालेल. निदान त्यांनी मधली वाट काढली. आपल्याकडे तर शिरा वरईचा किंवा राजगिऱ्याचा करायला कुठल्याही धर्मपीठाची परवानगी लागत नाही.

घरात एकाचं निदान झालं की आई-वडिलांची आणि भावंडांचीही टीटीजी चाचणी करून घ्यावी, त्रास नसला तरी. अशा जवळच्या नात्यांत शंभरातल्या सात-आठ जणांना हा आजार निघतो, आणि त्यातल्या कित्येकांना आपला थकवा कामाचा वाटत असतो.