रिक्षाच्या इंजिनाला घाम का फुटतो?

स्टँडवर रिक्षा उभी राहते तिथे मागच्या भागाखाली काळा डाग पडलेला असतो. गॅरेजमध्ये दाखवली की पहिले उत्तर ठरलेले: "पॅकिंग गेलंय, बदलून टाकू." पॅकिंग, म्हणजे सांध्यात तेल अडवायला बसवलेली पातळ चकती, बदलले जाते, पंधरा दिवस बरे जातात आणि डाग परत येतो. पॅकिंग गेलेले असू शकते, पण ते का गेले हा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो. शिवाय तेल जिथे टपकते तिथूनच गळते असे क्वचितच असते.

इथे विचार केला आहे तो आपल्याकडच्या नेहमीच्या रिक्षांचा: इंजिन मागच्या सीटखाली, एका सिलिंडरचे, चार स्ट्रोकचे, पंख्याच्या हवेने थंड होणारे, पेट्रोल किंवा सीएनजीवर चालणारे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजमधून निघणाऱ्या रिक्षांची ओळखीची रचना साधारण अशीच आहे. क्लच तेलात बुडालेला असतो, म्हणजे इंजिनाचेच तेल त्यालाही लागते. त्यात एकूण तेल लिटर-दीड लिटरच्या घरातले, त्यामुळे थोडी गळतीही हिशेबात धरावी लागते.

किती थोडी? तेलाचा पृष्ठताण पाण्याच्या निम्म्याहून कमी असतो, म्हणून त्याचा थेंबही पाण्याच्या थेंबापेक्षा लहान पडतो. पाण्याचे वीसेक थेंब एक मिलिलिटर भरतात, इंजिन ऑइलचे चाळीसच्या आसपास लागतात. मिनिटाला एक थेंब पडत राहिला तर दिवसाला १४४० थेंब, म्हणजे ३६ मिलिलिटर. दहा दिवसांत साडेतीनशे मिलिलिटर गेले, आणि लिटरभर तेलाच्या इंजिनात हा एक तृतीयांशाहून मोठा वाटा झाला. याउलट एखाद्या सांध्याभोवती नुसता ओलसर, धूळ चिकटलेला पट्टा असेल आणि रात्रभरात खाली थेंबही पडत नसेल, तर तो घाम. त्यासाठी इंजिन उघडण्यात अर्थ नाही. पुसायचे, लक्ष ठेवायचे, एवढेच.

आधी हे तेलच आहे ना, ते पाहा

रिक्षाखाली पडणारा प्रत्येक थेंब इंजिनाचा नसतो. पांढऱ्या पुठ्ठ्यावर थेंब घ्या, रंग आणि वास बघा. तपकिरी ते काळे, बोटांत बुळबुळीत लागणारे ते इंजिन ऑइल. पातळ तेल पुढच्या चाकापाशी दिसत असेल तर शॉकॲब्सॉर्बर तपासा. चाकाच्या आतल्या बाजूला फिकट पिवळसर, पातळ द्रव दिसला तर मात्र थांबायचे, कारण तो ब्रेक ऑइल असू शकतो. खात्री करायची पद्धत सोपी आहे. वाटीभर पाण्यात एक-दोन थेंब टाका. नेहमीचे डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक ऑइल ग्लायकॉल जातीचे असल्याने पाण्यात विरघळून जाते. इंजिन ऑइल वर तरंगत राहते. ब्रेक ऑइल निघाले तर तो विषय "किरकोळ गळती"त मोडत नाही. दुरुस्ती होईपर्यंत गाडी हलवायची नाही.

उगम शोधायचा कसा

तेल धातूला चिकटून पसरते. कमी पृष्ठताणामुळे ते बारीक फटीत शिरते, कास्टिंगच्या कंगोऱ्यावरून पुढे जाते आणि सर्वांत खालच्या टोकाला, बहुतेक वेळा ड्रेन नटपाशी, थेंब होऊन पडते. म्हणून ड्रेन नटावर विनाकारण आरोप होतो. त्यात पंख्याची हवा आहेच. मॅग्नेटोच्या (वीज तयार करणाऱ्या भागाच्या) बाजूचे क्रँकचे ऑइल सील, म्हणजे फिरत्या शाफ्टभोवतीची रबरी कडी, पाझरले की तेल पंख्यामागे येते, हवेबरोबर उडते आणि काऊलच्या (इंजिनाभोवतीच्या आवरणाच्या) आत, सिलिंडरच्या पंखांवर, म्हणजे त्याच्या बाहेरच्या थंडाव्याच्या पात्यांवर, जाऊन बसते. गाडी पळताना मागे हवेचा दाब कमी होतो, रस्त्याची धूळ त्यात ओढली जाते आणि या तेलावर चिकटते. दोन महिन्यांत एवढा राप बसतो की सांधे दिसतच नाहीत.

तेव्हा पहिले काम धुण्याचे. इंजिन पूर्ण थंड असताना डिझेल किंवा रॉकेल ब्रशने लावा, जुना राप सुटू द्या, कापडाने पुसून कोरडे करा. पेट्रोल वापरू नका. प्रेशरचे पाणी ब्रीदरवर (इंजिनाच्या आतली हवा बाहेर सोडणाऱ्या वाटेवर) आणि सीलच्या तोंडावर मारू नका, ते आत शिरते. कोरड्या झालेल्या सांध्यांवर टाल्कम पावडरचा हलका थर भुरभुरवा आणि वीस-तीस मिनिटे नेहमीसारखी गाडी चालवून आणा. इंजिन बंद करून टॉर्चने बघा. पावडर जिथे सर्वांत वर आणि पंख्याच्या हवेच्या दिशेने सर्वांत आधी ओली झाली असेल तो उगम. त्याच्या खालचे सगळे ओघळ.

नजर वरून खाली न्यायची: टॅपेट कव्हर, हेडचा सांधा, सिलिंडरचा पाया, मग क्लच कव्हर, गिअर शाफ्टचे सील, ड्रेन नट आणि शेवटी डिफरन्शियलच्या दोन्ही बाजूंची बेल, जिथून चाकांकडे ॲक्सल जातात. बेलचे सील पाझरते तेव्हा तेल त्याच बाजूच्या रबरी बुटावर आणि ॲक्सलवर येते, फिरताना आजूबाजूला गोल शिंतोडे उडतात. हे शिंतोडे दिसले की फारसा शोध घ्यावा लागत नाही. मात्र फाटक्या बुटातून बाहेर आलेले ग्रीसही तसेच दिसते. ते दाट असते, ओघळत नाही.

रात्री रिक्षा सपाट जागी लावून इंजिनाखाली पुठ्ठा ठेवा आणि चाकांच्या जागा त्यावर खुणेने आखा. सकाळी डाग कुठे आणि किती, हे दोन-तीन रात्री पाहिले की गळती वाढते आहे का तेही समजते.

दाब कुठून येतो

आता मूळ मुद्दा. दोनशे सीसीच्या आसपासच्या इंजिनात पिस्टन खाली येताना क्रँककेसमधली (इंजिनाच्या खालच्या पेटीतली) जवळजवळ तेवढीच हवा ढकलतो. आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन चालू असताना, मिनिटाला १२०० फेऱ्या धरल्या तर हे सेकंदाला वीस वेळा घडते. चार सिलिंडरच्या मोटारीत दोन पिस्टन खाली येताना दोन वर जातात, त्यामुळे हिशेब बराचसा आतल्या आत मिटतो. एका सिलिंडरला ती सोय नाही. शिवाय पिस्टनच्या रिंगांच्या कडेने थोडा जळका वायूही खाली उतरतोच. या सगळ्याला बाहेर पडायला ब्रीदर असतो, आणि त्याची नळी एअर फिल्टरच्या डब्याकडे जाते. ती तुंबली, पिळली गेली किंवा चुकीची बसवली की आतला दाब वाढतो आणि सर्वांत कमजोर सांध्यातून तेल बाहेर ढकलतो. तुम्ही तो सांधा नीट केला की पाळी दुसऱ्याची. "एक पॅकिंग बदललं की दुसरं जातं" या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असते.

सीएनजीवाल्यांनी ब्रीदरकडे जास्त लक्ष द्यावे. एक किलो मिथेन जळला की सव्वादोन किलो पाणी वाफेच्या रूपात तयार होते. पेट्रोलचे तेच प्रमाण किलोला दीड किलोहून थोडे कमी. इंजिन दिवसभर तापलेले असेल तर क्रँककेसमध्ये उतरलेली वाफ निघून जाते. पण गाडी दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारून पुन्हा थंड होत असेल, त्यातही पावसाळा असेल, तर वाफेचे आतच पाणी होते, ते तेलात घुसळले जाते आणि ब्रीदरच्या नळीत पांढरट-पिवळा साका धरतो. नळी काढून रॉकेलने धुवा, हवा मारून कोरडी करा. कडक झाली असेल किंवा चीर असेल तर नवी लावा.

तपासणी अशी करा. इंजिन गरम, आयडलवर, गिअर न्यूट्रलमध्ये. ब्रीदरची नळी एअर बॉक्सकडून सोडवा आणि तिच्या तोंडापाशी तळवा धरा. आत-बाहेर असे हलके ठोके जाणवले तर ठीक. सतत जोराचा झोत आणि त्यात निळसर धूर असेल तर रिंग किंवा सिलिंडर झिजले आहेत, आणि त्यावर पॅकिंग हा उपाय नाही. एअर बॉक्समध्ये तेल साठले असेल तर आधी पातळी बघा. तेल जास्त भरल्यामुळे होणारी गळती आपण समजतो त्याहून बरीच जास्त असते. पातळी पाहताना तिन्ही चाके सपाट जमिनीवर हवीत. इंजिन दोन-तीन मिनिटे चालवून बंद करा, पाच मिनिटे थांबा, मग डिपस्टिक बघा. ती आटे फिरवून बसवून बघायची की नुसती टेकवून, हे कंपनीच्या पुस्तिकेत दिलेले असते. तेवढ्या फरकानेही पातळी चुकते. वरच्या खुणेपुढे तेल असेल तर काढा.

फटीचा घन

पातळ फटीतून वाहणारे तेल दोन गोष्टींवर फार अवलंबून असते. पहिली तेलाची दाटी. २०डब्ल्यू-५० तेलाची दाटी ४० अंशांना दीडशे सेंटिस्टोकच्या (हे दाटी मोजण्याचे एकक) पुढे असते, तर १०० अंशांना १६ ते २२च्या दरम्यान येते. म्हणून थंड इंजिनाखाली जमीन कोरडी आणि दुपारी गरम इंजिनाखाली थेंब, यात नवल नाही. दुसरी आणि मोठी गोष्ट फटीची रुंदी. गळती रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट ०.०२ मिलिमीटरवरून ०.०४ झाली की गळती आठपट.

जुने पॅकिंग हॅक्सॉ ब्लेडने खरवडण्याची सवय म्हणूनच महागात पडते. ॲल्युमिनियम मऊ असते, ब्लेडचा ओरखडा सहज पडतो आणि नव्या कोऱ्या पॅकिंगखाली तेलासाठी पन्हळ तयार राहते. लाकडाची किंवा प्लॅस्टिकची पट्टी घ्या, चिवट भागाला थिनर लावून मऊ होऊ द्या.

सहा मिलिमीटरचे बोल्ट साधारण १० न्यूटन-मीटरला आवळले जातात, म्हणजे वीस सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला पाच किलोचा जोर. एवढ्यानेही प्रत्येक बोल्ट सांध्यावर आठशे किलोंच्या आसपास दाब देतो. गळती थांबावी म्हणून "अजून थोडा" आवळला की आटे जातात किंवा दोन बोल्टांमधली कव्हरची कड वर उचलली जाते आणि गळती वाढते. आवळताना समोरासमोरचे बोल्ट घ्या, दोन-तीन टप्प्यांत. नेमका आकडा त्या मॉडेलच्या पुस्तिकेतलाच वापरा.

ड्रेन नटाचा वॉशर दर ऑइल बदलाला नवा टाका. तांब्याचा असेल तर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकला की पुन्हा मऊ होतो. पोलाद असे केल्यावर कडक होते, तांबे नाही. आटे गेले असतील तर टेफ्लॉन टेपने दिवस ढकलू नका, हेलिकॉइल, म्हणजे तारेचे नवे आटे, बसवून घ्या.

टॅपेट कव्हरला रबरी रिंग असेल तर ती कोरडी, स्वच्छ खाचेत बसवा. तिच्यावर सिलिकॉनची (सांधे बंद करायची) पेस्ट लावू नये, रिंग घसरते. सिलिकॉन फक्त जिथे कंपनीने सांगितले आहे तिथे, एक-दोन मिलिमीटरची अखंड रेघ. जास्त लावलेले आतल्या बाजूला फुगते, सुकल्यावर त्याचे तुकडे तुटून ऑइलच्या जाळीत अडकतात आणि मग तेल असूनही इंजिन कोरडे पडते. हे सिलिकॉन हवेतल्या बाष्पाने वाळते. पूर्ण घट्ट व्हायला बहुतेक प्रकारांना चोवीस तास लागतात. लावले आणि लगेच इंजिन सुरू केले तर ते काम फुकट गेले समजा.

ऑइल सील

फिरत्या शाफ्टवर सील अगदी कोरडे बसत नाही. त्याच्या ओठाखाली मायक्रॉनभर जाडीचा तेलाचा पापुद्रा असतो, आणि नवा ओठ ते तेल सतत आत ढकलत राहतो. रबर उष्णतेने कडक झाले की ही क्रिया थांबते. साधे नायट्राइल रबर १०० ते १२० अंशांपर्यंत टिकते. त्याहून गरम जागी फ्लुओरो रबराचे सील लागते, ते महाग असते पण २०० अंशांपर्यंत चालते. सीलवर तीन आकडे छापलेले असतात, उदाहरणार्थ २५-४०-७: आतला व्यास, बाहेरचा व्यास, रुंदी, सगळे मिलिमीटरमध्ये. दुकानात जुने सील घेऊन जा.

बसवण्याआधी शाफ्टवर नख फिरवा. नख अडकले तर जुन्या ओठाने खाच पाडली आहे आणि नवे सील त्याच जागी बसवून फायदा नाही. सील ज्या खोबणीत बसते तिची खोली पुरत असेल तर मिलिमीटरभर पुढे-मागे बसवा, म्हणजे ओठ कोऱ्या जागी येतो. शाफ्टच्या टोकावरच्या दात्यांवर (स्प्लाइनवर) टेप गुंडाळा, ओठाला तेल लावा, स्प्रिंगची बाजू तेलाकडे ठेवा आणि सीलच्या बाहेरच्या व्यासापेक्षा किंचित लहान सॉकेटने सरळ दाबा. हातोडीचे तिरके ठोके पडले की कड वाकते. बेलचे सील काढताना आधी तेल काढून घ्या, नाहीतर ते अंगावर येईल.

बाटलीतून मिळणारी "लीक स्टॉप" औषधे रबर फुगवून काम करतात. कडक झालेल्या सीलवर काही दिवस फरक पडतो. पण या इंजिनात क्लचही त्याच तेलात आहे. तो घसरू लागला तर सीलपेक्षा मोठा खर्च येतो. त्यामुळे ती टाळलेली बरी. तेल घ्यायचे ते जासो एमए (तेलात बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या) दर्जाचे, पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचे.

घाम नुसता सांभाळायचा ठरवला असेल तर रोज सकाळी पातळी, आठवड्याला पुसणे आणि गाडीत अर्धा लिटरची बाटली एवढे पुरते. किती तेल वर टाकले ते वहीत तारीख आणि किलोमीटरसह लिहा. सायलेन्सरच्या नळीवर तेल पोचत असेल तर मात्र वाट पाहू नका. इंजिन ऑइलचा ज्वलनबिंदू सहसा २०० अंशांच्या पुढे असतो, पण हेडजवळची नळी त्याहून गरम होऊ शकते. सिलिंडरच्या पंखांवर तेल-धुळीचा थर बसला असेल तर तोही लगेच काढा. तो उष्णता अडवतो, इंजिन जास्त तापते, तेल आणखी पातळ होते, सील आणखी कडक होतात आणि गळती वाढत जाते. काढलेले तेल आणि तेलकट पाणी गटारात ओतू नये. बंद कॅनमध्ये साठवून जुने तेल अधिकृतपणे गोळा करणाऱ्याकडेच द्यावे.