कॅसेटचा टीव्ही गेम (इंदूर)

कॅसेटचा टीव्ही गेम : टीव्हीला जोडून, वरच्या खाचेत कॅसेट खोचून खेळायचे ८-बिट यंत्र. हे यंत्र माळ्यावरून काढायचे, दुरुस्त करायचे, पुन्हा खेळायचे आणि खेळता खेळता त्यावर वाद घालायचा, ही इंदूरच्या मराठी घरांत रुळलेली रीतही याच नावात येते. राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, सुदामानगर या वस्त्यांत १९९० च्या दशकात उन्हाळ्याच्या सुट्ट्या या यंत्रापुढे काढणारी पिढी आता चाळिशीत आहे. दिवाळीत किंवा मे महिन्यात चुलत-मावस भावंडे एकत्र जमली की कुणाच्या तरी ट्रंकेतून एखादा डबा निघतोच.

बोलीत यंत्राला ‘व्हिडिओ गेम’, कार्ट्रिजला ‘कॅसेट’, कंट्रोलरला ‘रिमोट’ आणि खेळाडूच्या प्राणाला ‘लाइफ’ म्हणतात. ‘बॅटल सिटी’ हे नाव फारसे कुणी घेत नाही, तो ‘टँकवाला’. ‘डक हंट’ म्हणजे ‘बदकांचा’, ‘सर्कस चार्ली’ म्हणजे नुसता ‘सर्कस’. माळव्यातल्या मराठीत हिंदीचा ‘वाला’ असा सहज मिसळतो.

यंत्र कोणते

निन्टेन्डोने १५ जुलै १९८३ रोजी जपानात फॅमिकॉम हे यंत्र काढले. अमेरिकेत ते १९८५ मध्ये एनईएस या नावाने आले. इंदूरच्या घरांत बहुतेक करून पोहोचली ती त्याची नक्कल. लिटल मास्टर, मीडिया, टर्मिनेटर अशी नावे डब्यावर असत, पण आत काम तेच: ६५०२ घराण्याचा प्रोसेसर, २ किलोबाइट रॅम आणि २५६ × २४० ठिपक्यांचे चित्र. खाच ६० पिनांची, फॅमिकॉमसारखी. अमेरिकी एनईएसची कॅसेट ७२ पिनांची असल्यामुळे ती यात बसत नाही. परदेशातून हौसेने आणवलेली कॅसेट अडते ती इथेच.

५० आणि ६० चा फरक

जुन्या खेळांवरच्या निम्म्या वादांचे मूळ एका गोष्टीत आहे. आठवणीतला मारिओ आणि आज मोबाइलवर दिसणारा मारिओ हे एकाच वेगाचे नाहीत. जपान-अमेरिकेचे यंत्र सेकंदाला ६० चित्रे काढते. भारतात रुळलेल्या ‘पाल’ पद्धतीच्या टीव्हीसाठी बनलेल्या नकला ५० काढतात, पण कॅसेटमधला प्रोग्रॅम ६० धरून लिहिलेला असतो. त्यामुळे सगळा खेळ पाच-षष्ठांश वेगाने चालतो. मारिओच्या पहिल्या स्टेजचे घड्याळ ४०० पासून उतरते आणि एक अंक उतरायला २४ फ्रेम (चित्रे) लागतात, म्हणजे एकूण ९६०० फ्रेम. ६० च्या यंत्रावर ते १६० सेकंदांत संपते, ५० च्या यंत्रावर १९२ सेकंदांत. ‘लहानपणी मी हा खड्डा डोळे मिटून पार करायचो, आता जमत नाही’ या तक्रारीत वयाचा वाटा असेलही, पण ३२ सेकंदांचा हिशेब आधी मांडावा.

संगीताचेही तसेच. या नकलांत प्रोसेसर १.७७३ मेगाहर्ट्झवर चालतो. मूळ यंत्राचा वेग १.७९० असल्यामुळे सूर जवळपास तोच राहतो, लय मात्र संथ होते. शिवाय तैवानी चिपच्या अनेक नकलांत ध्वनीच्या पल्स वाहिनीच्या २५ आणि ५० टक्के (लाट किती वेळ वर राहते त्याचे प्रमाण) या दोन रूपांची अदलाबदल झालेली आहे. तीच धून अशा यंत्रावर जरा वेगळ्या गळ्याने वाजते. मूळ यंत्रावरची धून ऐकून ‘ही आपली नाही’ म्हणणाऱ्याचा कान चुकत नसतो.

आपले यंत्र कोणत्या जातीचे हे झाकण उघडले की कळते. बोर्डावरच्या चकचकीत धातूच्या क्रिस्टलवर २६.६०१ छापले असेल तर ते पाल, ५० चे, २१.४७७ असेल तर एनटीएससी (जपान-अमेरिकेची पद्धत), ६० चे. दुसऱ्या जातीचे यंत्र फक्त पाल रंग ओळखणाऱ्या जुन्या टीव्हीला लावले तर चित्र काळे-पांढरे येते. तो बिघाड नाही. एनटीएससीचा रंगसंकेत ३.५८ मेगाहर्ट्झवर असतो आणि तो टीव्ही ४.४३ वर शोधत बसतो.

कॅसेट लागत नाही तेव्हा

‘खराब’ म्हणून टाकून दिलेल्या कॅसेटपैकी बहुतेक नुसत्या मळलेल्या असतात. फुंकर मारायचा उपाय सगळ्या देशाला ठाऊक आहे आणि तो चुकीचा आहे. फुंकरीबरोबर थुंकीचा ओलावा कॅसेटच्या तोंडातल्या धातूच्या पट्ट्यांवर जातो आणि तांबे हिरवे पडू लागते. फुंकून कॅसेट लागते, कारण त्या निमित्ताने ती काढून पुन्हा बसवली जाते आणि पिना नव्या जागी घासतात. न फुंकता दोनदा काढ-घाल केली तरी तोच गुण येतो. जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत माळ्यावर राहिलेल्या कॅसेटला एवढ्याने भागत नाही. तिथे नीट सफाईच लागते.

त्यासाठी ९९ टक्क्यांचा आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यावा. औषधाच्या दुकानातला ७० टक्क्यांचाही चालतो, पण त्यात पाणी असल्याने वाळायला वेळ द्यावा लागतो. कॅसेट तोंड वर करून धरावी, कान कोरायची काडी बुडवून जास्तीचा थेंब झटकावा आणि पट्ट्यांच्या लांबीच्या दिशेने, आतून बाहेर पुसत यावे. आडवे घासले की एका पट्टीचा मळ शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये जाऊन बसतो. एका बाजूला ३० पट्ट्या, दोन्ही बाजू मिळून ६०. पहिली काडी काळी, दुसरी करडी, तिसरी जवळजवळ पांढरी निघते, तिथे थांबावे. तरीही डाग राहिला तर पांढरा मऊ खोडरबर हलक्या हाताने दोन-तीनदा फिरवावा आणि त्याचा भुगा अल्कोहोलने पुसून काढावा. शाईचा खरखरीत खोडरबर किंवा पॉलिश पेपर वापरला तर पट्टीवरचा पातळ मुलामाच उडतो. अशी पट्टी त्या दिवशी लखलखते आणि पुढच्या पावसाळ्यात कायमची जाते. पुसल्यावर दहा मिनिटे तशीच ठेवून मगच कॅसेट खोचावी.

दोष कुठे आहे ते पडदा सांगतो. सगळा पडदा एकाच रंगाचा, करडा किंवा निळा, आणि आवाज नाही, म्हणजे प्रोसेसरला प्रोग्रॅमच वाचता येत नाही. खेळ चालतो, संगीतही वाजते, पण मारिओच्या जागी अक्षरांचे तुकडे फिरतात, म्हणजे चित्रे साठवणाऱ्या चिपकडची (रॉम) एखादी पिन लागत नाही. त्या बाजूच्या पट्ट्या पुन्हा पुसाव्यात. सगळ्याच कॅसेटना सारखाच त्रास होत असेल तर दोष यंत्राच्या खाचेत आहे. कॅसेटच्या जाडीची पुठ्ठ्याची पट्टी अल्कोहोलने जरा ओली करून खाचेत चार-पाचदा खाली-वर करावी. एखादी पिन मागे दबलेली दिसली तर वीज काढून, बारीक सुईने केसभर पुढे ओढावी. एका वेळी एकच पिन. जोर केला की ती तुटते आणि खाचच बदलावी लागते.

स्वस्त कॅसेट उघडली की चिपच्या जागी काळ्या डांबरासारखा थेंब दिसतो. त्याखाली चिप थेट बोर्डाला चिकटवलेली असते. तिथे बिघाड असला तर दुरुस्ती नाही.

खेळात पात्रे लुकलुकतात तो मळ नव्हे. हे यंत्र एका आडव्या ओळीत आठच हलत्या आकृती दाखवू शकते. नववी आली की खेळ त्या आळीपाळीने दाखवतो. ‘कॉन्ट्रा’त गोळ्या वाढल्या की हे हटकून दिसते.

वीज आणि टीव्ही

अडॅप्टर हरवलेला असतो आणि घरातला कुठला तरी लावला जातो. यंत्रे सर्वाधिक मरतात ती याने. नकलांना सहसा ९ व्होल्ट डीसी लागतो, पण पिनच्या आत धन की ऋण हे कंपनीगणिक बदलते (मूळ फॅमिकॉमचे मधले टोक ऋण होते). यंत्राच्या पोटावरची खूण पाहून, मल्टिमीटरने तपासूनच जोडावे. आत ७८०५ हा रेग्युलेटर येणाऱ्या विजेचे ५ व्होल्ट करतो. त्याला निदान ७ व्होल्ट यावे लागतात. १२ व्होल्टचा अडॅप्टर लावून यंत्र चालते, पण ३०० मिलिअँपिअर ओढले जात असतील तर ९ व्होल्टवर १.२ वॅट आणि १२ वर २.१ वॅट उष्णता त्या एका तुकड्यातून बाहेर पडते. अर्ध्या तासाने चित्र गोठले आणि थंड झाल्यावर पुन्हा सुरू झाले, तर आधी हेच पाहावे. चित्रात जाड पट्टा वर सरकत असेल आणि आवाजात घरघर असेल तर विजेच्या तोंडाजवळचा मोठा कपॅसिटर वाळला आहे. मायक्रोफॅरडचा आकडा तोच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, असा नवा बसवावा. धन-ऋण उलटे लावू नये. असे सुटे भाग जेल रोड आणि महाराणी रोडच्या दुकानांत शोधावेत.

रिमोटचे दुखणे सोपे असते. बटण दबत नाही म्हणजे रबराखालचा काळा कार्बन किंवा त्याखालची पट्टी मळली. पुसली की झाले. एकाच दिशेला चालत नसेल आणि वायर हलवल्यावर चालत असेल, तर वायर पिनपाशी आतून तुटली आहे. तेवढा तुकडा कापून उरलेली वायर पुन्हा डाख देऊन जोडावी.

टीव्ही काचेचा, म्हणजे पिक्चर ट्यूबचा, असला तर उत्तम. अँटेनाच्या वायरीने जोडायचे असेल तर चॅनल ३ किंवा ४ वर शोधावे. पिवळी-पांढरी एव्ही वायर असेल तर चित्र बरेच स्वच्छ येते. एलईडी टीव्हीवर दोन अडचणी येतात. एक म्हणजे तो चित्र आपल्या मापात बसवायला वेळ घेतो, म्हणून उडीचे बटण दाबल्यावर मारिओ उशिरा उडतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ चालू करावा आणि चित्र ४:३ ठेवावे. दुसरी अडचण बंदुकीची आहे आणि तिला उपाय नाही. ‘डक हंट’मध्ये चाप ओढला की एका क्षणासाठी पडदा काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. बंदुकीतला प्रकाशसंवेदक आधी काळे, मग पांढरे दिसले तरच नेम लागला असे धरतो. बल्बकडे रोखून फसवायचा जुना डाव यामुळेच फसतो, कारण बल्ब काळ्या क्षणीही पेटलेला असतो. एलईडीवर हा चौकोन उशिरा उमटतो, तोवर यंत्राने ‘चुकला’ म्हणून टाकलेले असते.

वाद कशावर होतात

‘टँकवाला’ (नामको, १९८५) दोघांत खेळायचा तर भांडण ठरलेले. प्रत्येक स्टेजला शत्रूचे २० रणगाडे, एकूण ३५ स्टेज. विटांच्या भिंतीआडचा गरुड, म्हणजे आपला तळ, फुटला की खेळ संपला, आणि तो आपल्याच गोळीनेही फुटतो. जोडीदाराला गोळी लागली की तो काही क्षण जागीच खिळतो. फावडे मिळाले की गरुडाभोवतीच्या विटा थोडा वेळ लोखंडी होतात. ते कुणी उचलायचे हे आधी ठरवावे, कारण दोघेही तिकडे धावले की गरुड उघडा पडतो. सर्वांत जाड रणगाड्याला चार गोळ्या लागतात. स्वतःचे नकाशे बनवायची सोय या खेळात आहे, पण इंग्रजी मेन्यूतली तिसरी ओळ उघडून पाहायला फार थोडे गेले.

‘कॉन्ट्रा’त तिसरी स्टेज, धबधबा, मैत्री तोडते. पडदा वर सरकतो आणि खाली राहिलेला मरतो, म्हणून पुढच्याने घाई केली की मागच्याची लाइफ जाते. तीस लाइफचा मंत्र वर वर खाली खाली डावे उजवे डावे उजवे, मग बी ए. ‘ए बी’ म्हणणारे चुकतात. दोघांत खेळायचे असेल तर त्यानंतर सिलेक्ट दाबून मग स्टार्ट. हा मंत्र कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतोने १९८६ च्या ‘ग्रेडियस’साठी घातला होता. काही कॅसेटमध्ये तीस लाइफ मंत्राविनाच मिळतात. ‘मी तीनमध्ये पूर्ण केला’ असे कुणी म्हटले की कॅसेट कोणती ते विचारावे.

मारिओत झेंड्याच्या टोकाला ५००० गुण मिळतात, आणि घड्याळाचा शेवटचा अंक १, ३ किंवा ६ असेल तर तितके फटाके उडतात. नशिबाचा यात काही संबंध नाही. ३-१ च्या (तिसऱ्या जगातली पहिली स्टेज) पायऱ्यांवर कासवावर उड्या मारून लाइफ वाढवता येतात, पण १२७ च्या पुढे मोजणी उलटते आणि पुढच्या मरणाला खेळच संपतो. ढग आणि झुडपे ही एकच आकृती आहे, फक्त रंग वेगळा. बदकांच्या खेळातल्या हसऱ्या कुत्र्याला मारता येते, ही अफवा घरच्या कॅसेटपुरती खोटी आहे. व्हिडिओ गेम पार्लरच्या आवृत्तीच्या बोनस फेरीत मात्र त्याला गोळी लागू शकते.

‘९९९९९९९ इन १’ ही कॅसेट वेगळ्या नोंदीच्या लायकीची आहे. त्यात निरनिराळे खेळ बोटांवर मोजण्याइतकेच असतात. बाकीच्या ओळी त्याच खेळांच्या, कुठे तिसऱ्या स्टेजपासून, कुठे जास्त लाइफ देऊन. तरी एकेक पान पालटत शेवटपर्यंत जाऊन बघणारा प्रत्येक घरात एक असे.

या कॅसेटमध्ये प्रगती साठवायची सोय नव्हती. नोव्हेंबर २००० मध्ये छत्तीसगड वेगळे झाल्यावर मध्य प्रदेशाच्या वाट्याची बरीच वीजनिर्मिती तिकडे गेली, आणि त्या काळात कपातीच्या वेळा बघूनच मारिओच्या आठव्या जगाला हात घातला जाई. मोबाइलवरच्या एम्युलेटरमध्ये (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या ॲपमध्ये) हवे तिथे थांबता येते. त्याने संपवलेला खेळ संपवला म्हणायचा का, यावर बैठकीत कधीच एकमत होत नाही. पार्लरमधला ‘मुस्तफा’ (कॅपकॉमचा ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’, १९९३) आणि त्याचे टोकन हा निराळा विषय आहे.

काचेचा टीव्ही आता मिळाला तर अटाल्यातच (भंगारात). महापालिकेच्या कचरागाडीत ई-कचऱ्याचा कप्पा वेगळा असल्यामुळे अनेक घरांतले असे टीव्ही त्या वाटेने गेले. घेताना चालू करून दहा मिनिटे पाहावा, चारही कोपऱ्यांत रंग सारखे आहेत का ते तपासावे, मागे पिवळी एव्ही खाच आहे ना ते बघावे. मागचे झाकण मात्र स्वतः उघडू नये. बंद केल्यावरही पिक्चर ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट साठून राहू शकतात.