सायकल ट्रेनरवर जास्त घाम म्हणजे जास्त चरबी जळते? नाही!
थंडीत सायकल ट्रेनरवर (घरात जागेवरच पेडल मारता येतं असा स्टँड) लावली की हमखास कोणीतरी सांगतं, फॅन बंद ठेव, जितका घाम तितकी चरबी जळते. अजिबात नाही. पेडलवर २०० वॅट ताकद देताना शरीरात साधारण ६०० ते ८०० वॅट उष्णता तयार होते, बाहेर वाऱ्याने घाम वाळतो आणि ती निघून जाते पण घरात हवाच हलत नाही मग घाम नुसता टपकतो, अंग तापतं, तेवढ्याच वॅटला हार्ट रेट चढत जातो आणि शेवटचे इंटरव्हल्स (जोर लावून मारायचे टप्पे) सोडून द्यावे लागतात, म्हणजे खरं ट्रेनिंग तिथेच बुडतं. वजनकाट्यावर लगेच कमी दिसतं ते पाणी, प्यायलात की परत आलं. प्लीज, मोठा फॅन पहिल्या मिनिटापासून समोर लावा, खिडकीही उघडा.