रीळ नसलेली कॅसेट वाजते कशी?

तालुक्याच्या बाजारात मोबाईलची कव्हरं, चार्जर विकणाऱ्या दुकानांत कधीकधी एक विचित्र कॅसेट टांगलेली दिसते. आकार अगदी नेहमीचा, पण आत रीळ नाही, आणि कोपऱ्यातून हातभर वायर बाहेर आलेली. वायरची पिन मोबाईलला किंवा एमपीथ्री प्लेयरला लावायची, कॅसेट जुन्या जीपच्या डेकमध्ये सारायची, की मोबाईलमधली तुकडोजी महाराजांची भजनं गाडीच्या स्पीकरवर सुरू.

हिच्याबद्दल आमच्याकडे दोन समज पक्के आहेत. एक, हिच्यात मेमरी कार्ड असतं. दुसरा, ही कॅसेट गाणं आतल्या आत ‘टेप’ करून घेते आणि मग वाजवते. काळी-पिवळीचे ड्रायव्हर मात्र नेमका प्रश्न विचारतात: “रीलच नाही तं वाजून कायनं राह्यली सर?” हाच प्रश्न खरा विज्ञानाचा आहे.

आधी साधी कॅसेट घेऊ. फिलिप्स कंपनीने ती 1963 मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात पहिल्यांदा मांडली. तिची फीत 3.81 मिलिमीटर रुंद. फितीवर लोहाच्या ऑक्साईडची बारीक पूड चिकटवलेली असते आणि गाणं त्या पुडीत चुंबकत्वाच्या चढउतारांच्या रूपात साठवलेलं असतं. डेकमध्ये फीत सेकंदाला 4.76 सेंटिमीटर वेगाने सरकते. म्हणजे सेकंदाला 1,000 कंपनांचा एखादा सूर असेल, तर त्याचं एक कंपन फितीवर 48 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास जागा घेतं, साधारण डोक्याच्या केसाच्या जाडीएवढी. 10,000 कंपनांचा झांजेचा खणखणाट असेल तर पाच मायक्रॉनहूनही कमी. हे वाचायला हेड असतं: चुंबकीय धातूची एक कडी, तिला एके ठिकाणी मायक्रॉन-दोन मायक्रॉनची फट, आणि कडीभोवती बारीक तारेची वेटोळी. फितीवरचं चुंबकत्व त्या फटीतून कडीत शिरतं.

आता घरच्या टेपरेकॉर्डरचं ‘पॉज’ बटण आठवा. अनेक टेपरेकॉर्डरमध्ये ते दाबलं तरी फीत हेडला टेकलेलीच राहते. फितीवरचं चुंबकत्व कुठे गेलेलं नसतं, हेडही जागेवर असतं, तरी आवाज मात्र शून्य. कारण दहावीच्या पुस्तकात आहे. फॅरेडेने 1831 मध्ये दाखवून दिलं की वेटोळ्यात वीज निर्माण होते ती चुंबकत्व असल्यामुळे नाही, तर ते बदलत असल्यामुळे. फीत पळते एवढ्यासाठीच की हेडपुढचं चुंबकत्व सतत बदलतं राहावं.

इथे सगळं कोडं सुटतं. डेकला फीत लागतच नाही, लागतो तो फक्त बदल. रीळ नसलेल्या कॅसेटमध्ये, जिथे फीत हेडला टेकते त्याच जागी, आणखी एक हेड बसवलेलं असतं. मोबाईलमधून येणारी गाण्याची वीज मुळातच सेकंदाला शेकडो-हजारो वेळा चढते-उतरते. ती या हेडच्या वेटोळ्यातून गेली की तेवढ्याच वेळा बदलणारं चुंबकत्व तयार होतं. समोर डेकचं हेड तोंडाला तोंड लावून उभंच असतं. त्याला वाटतं, फीत पळते आहे.

गावाच्या कडेला जी डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) उभी असते, तिचंही तत्त्व हेच. 11,000 व्होल्टची बाजू आणि घराकडे येणारी बाजू यांच्या तारा आत एकमेकींना कुठेही जोडलेल्या नसतात. एका वेटोळ्यातलं बदलतं चुंबकत्व दुसऱ्या वेटोळ्यात वीज उभी करतं, बस्स. फरक इतकाच की डीपीला सेकंदाला 50 आवर्तनांचा एकच ‘सूर’ माहीत आहे, आणि या कॅसेटला डग्ग्यापासून झांजेपर्यंत सगळं पार करायचं असतं.

चुंबकत्वाच्याच नावावर जत्रेत चुंबकाची कडी विकतात. म्हणे मनगटावर घातली की रक्तातलं लोह खेचलं जाऊन रक्ताभिसरण सुधारतं. रक्तातलं लोह हिमोग्लोबिनच्या रेणूत बांधलेलं असतं, ते खिळ्यासारखं चुंबकाकडे ओढलं जात नाही. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन तर चुंबकापासून अगदी किंचित दूरच सरकतं. ते पैसे पेट्रोलमध्ये घाला.

आता मला सर्वांत आवडणारा भाग. तो थोडा किचकट आहे, पण त्याशिवाय या कॅसेटची खरी हुशारी कळत नाही.

हेडमधून येणारी वीज बदलाच्या वेगावर ठरते. डग्ग्याचा 100 कंपनांचा आवाज आणि 1,000 कंपनांचा सूर फितीवर सारख्याच ताकदीने नोंदलेले असले, तरी दुसरा दसपट वेगाने बदलतो, म्हणून त्याचं व्होल्टेजही दसपट येतं. असंच स्पीकरला दिलं तर डग्गा गायब आणि सगळं चिरकं. म्हणून डेकमधलं सर्किट खालचे सूर मुद्दाम उचलून धरतं आणि जसजसं वर जावं तसतशी ही मदत कमी करत नेतं. ही मदत साधारण 1,300 कंपनांशी थांबते. साध्या फितीसाठी कधीकधी ‘120 मायक्रोसेकंद’ असं लिहिलेलं असतं, ते याच जागेचं नाव. त्यापुढच्या सुरांसाठी प्रमाण असं ठरलं आहे की फितीवरचं चुंबकत्वच उतरतं असावं, म्हणजे वेगामुळे वाढलेलं व्होल्टेज आणि उतरलेलं चुंबकत्व एकमेकांना खाऊन टाकतात.

पण मोबाईलला या ठरावाची खबर नाही. तो सगळे सूर सारखेच पाठवतो. त्यांचं चुंबकत्वही सारखंच झालं, तर 1,300 च्या वरचं सगळं कानात घुसेल. इथे वेटोळं स्वतःच मदतीला येतं. कोणत्याही वेटोळ्याला वेगवान बदल आवडत नाही. वीज जितक्या झपाट्याने बदलेल, तितका ते जास्त विरोध करतं. खालच्या सुरांना फक्त तारेचा साधा रोध आडवा येतो, वरच्या सुरांना वेटोळ्याचा स्वतःचा विरोध. त्यामुळे वर जावं तसा प्रवाह घटतो आणि त्याच्याबरोबर चुंबकत्वही. तारेचा रोध आणि वेटोळ्याचा विरोध यांचा मेळ असा बसवला की घट 1,300 च्या आसपास सुरू होईल, तर फितीवर जो उतार असायला हवा होता तोच तयार मिळतो. आयसी नको, बॅटरी नको, नुसती लोखंडावर गुंडाळलेली तांब्याची तार. स्वस्तातल्या प्रत्येक कॅसेटमध्ये हा मेळ नीट बसतोच असं नाही, म्हणून एखादी किरकिरी वाजते.

यातून काही व्यवहारी गोष्टी आपोआप निघतात. डेकवर ‘मेटल’ किंवा ‘क्रोम’ बटण असेल तर ते बंद ठेवा. त्या फितींचं गणित 70 मायक्रोसेकंदाचं आहे, आपल्या कॅसेटला ते लावलं तर झांजा दबतात. फितीचा सुस्कारा दाबणारं डेकवरचं ‘डॉल्बी’ बटणही बंद. मोबाईलचा आवाज पाऊणपट ठेवून बाकीचा डेकवर वाढवा. मोबाईल फार कमी ठेवला तर सुस्कारा ऐकू येतो, पूर्ण ठेवला तर आवाज फाटतो. डेकच्या हेडवर काळी पुटं असतील तर कापसाला स्पिरिट लावून पुसून घ्या. दोन हेडांमध्ये धुळीचा बारीकसा थर आला तरी आधी झांजाच जातात.

चार्जिंगला लावलेल्या मोबाईलची ऑक्सची वायर डेकला जोडली की इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी येते. या कॅसेटमध्ये डीपीसारखंच दोन्ही बाजूंचं तारेचं नातं नसल्याने ती कटकट बरीच कमी होते. डेकमध्ये कॅसेटची सोयच नसेल तर मोबाईलचं गाणं गाडीच्या रेडिओवर पाठवणारा एफएम ट्रान्समीटर आहे. गावाकडे एफएमचा पट्टा बराच मोकळा असतो, नागपुरात शिरलं की त्याच जागेवर रेडिओ केंद्र येऊन बसतं.

कॅसेट आत घातली आणि डेकने लगेच बाहेर टाकली, तर लोक कॅसेटला शिव्या घालतात. बहुतेक डेक रीळ फिरतं की नाही हे तपासतात. ते फिरलं नाही तर फीत अडकली असं समजून थांबतात किंवा बाहेर टाकतात. म्हणून या कॅसेटमध्ये रीळ नसूनही दोन चाकं जोडणारे प्लॅस्टिकचे गिअर असतात, त्यांचाच तो टकटक आवाज. घातल्यावर डेक चालू राहिला पण आवाज आलाच नाही, तर बाजू बदलायचं बटण दाबून पाहा. या कॅसेटमधलं हेड एकाच बाजूसाठी असतं.

आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की उन्हात उभ्या गाडीत डेकचा रबरी पट्टा सैल पडतो, कधी चिकट होतो. मग चाकं फिरत नाहीत आणि डेक प्रत्येक कॅसेट परत करतो. दुकानदार सांगेल, डेक बाद झाला, टचस्क्रीनचा बसवा. आधी पट्टा बदलून घ्या.