पडद्यावरचा मॅजेंटा आणि शाईतला मॅजेंटा

पडद्यावर झगमगणारा, जांभळ्याकडे झुकलेला मॅजेंटा निवडायचा, फाइल छपाईला द्यायची आणि कागद हातात आला की ‘रंग मेला’ म्हणून मशीनवाल्याच्या नावाने खडे फोडायचे, हा डिझाइनच्या धंद्यातला नेहमीचा प्रकार आहे. मशीनवाल्याचा यात सहसा दोष नसतो. मॅजेंटा या एकाच नावाने दोन वेगळे रंग वावरतात आणि फाइलमध्ये त्यातला कोणता आहे, हे कुणी आधी विचारलेलंच नसतं.

पडद्यावरच्या मॅजेंटाची कृती सोपी. प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवा आणि निळा असे तीन बारीक दिवे असतात. लाल आणि निळा पूर्ण लावायचा, हिरवा विझवायचा. आकड्यांत २५५, ०, २५५. रंगचक्रावर त्याची जागा ३०० अंशांवर, म्हणजे निळा आणि लाल यांच्या बरोबर मध्ये. वेबच्या रंगयादीत याच आकड्यांना ‘मॅजेंटा’ आणि ‘फ्युशिया’ अशी दोन नावं आहेत. कोणतंही लिहा, पिक्सेलला फरक पडत नाही.

शाईचं गणित उलटं. शाई स्वतः उजेड देत नाही, कागदावर पडलेल्या उजेडातला काही भाग खाते. मॅजेंटा शाईने हिरवा भाग तेवढा खावा आणि लाल व निळा दोन्ही परत पाठवावेत, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात ती निळ्यातलाही बराच भाग गिळते. ऑफसेटच्या, म्हणजे प्लेटवरून गठ्ठ्याने होणाऱ्या छपाईच्या, मॅजेंटा शाईत साधारणपणे लिथॉल रुबिन हे रंगद्रव्य असतं आणि त्याची नोंदच ‘पिगमेंट रेड ५७:१’ अशी, म्हणजे लालांच्या यादीत आहे. म्हणून छापलेला मॅजेंटा लालसर गुलाबी दिसतो, जांभळट नाही.

फरक किती, ते ‘लॅब’ मोजमापात, म्हणजे एल, ए आणि बी अशा तीन आकड्यांत रंग सांगणाऱ्या पद्धतीत, स्वच्छ दिसतं. या पद्धतीत ‘बी’ हा आकडा जितका उणे, तितका रंग निळ्याकडे. ऑफसेटच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार चकचकीत कागदावरच्या मॅजेंटाचा ‘बी’ उणे ३ च्या आसपास असतो, तर नेहमीच्या पडद्यावरच्या मॅजेंटाचा उणे ६१. हा किरकोळ छटेतला फरक नव्हे. सायन (हिरवट निळा), मॅजेंटा, पिवळा आणि काळा अशा चार रंगांच्या छपाईत तो पडद्यावरचा रंग बसतच नाही, मशीन कितीही चांगलं असो.

खरी फसगत पुढे आहे. पडद्यावरचा मॅजेंटा सॉफ्टवेअरने आरजीबीतून (पडद्याचे लाल-हिरवा-निळा आकडे) सीएमवायकेमध्ये (चार शायांचे आकडे) बदलला की शंभर टक्के मॅजेंटा मिळेल, असं वाटतं. तसं होत नाही. सॉफ्टवेअर निळेपणा राखायला जातं आणि मॅजेंटात सायन मिसळतं. हाती येतो तो धड मॅजेंटा नाही, धड जांभळा नाही, असा मळकट रंग. छपाईत उठून दिसणारा रंग हवा असेल तर रूपांतराच्या भरवशावर न राहता सीएमवायकेमध्ये थेट १०० टक्के मॅजेंटा, बाकी सगळं शून्य, असे आकडे भरावेत. पडद्यावरच्याशी तो जुळणार नाही, पण स्वच्छ दिसेल. त्याहून झगझगीत हवा असेल तर रोडामाइन किंवा फ्लुओरोसंट गुलाबीसारखी पाचवी, स्वतंत्र शाई लावावी लागते. तिचा खर्च वेगळा, आणि फ्लुओरोसंट शाई उजेडात लवकर उडते, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगितलेलं बरं.

पडद्यावरच्या आणि शाईतल्या मॅजेंटात एक साम्य मात्र आहे. इंद्रधनुष्यात यातला एकही सापडत नाही. मॅजेंटाला स्वतःची एकच अशी तरंगलांबी नाही. डोळ्यातल्या लाल आणि निळ्या बाजूच्या शंकूपेशी चेतवल्या गेल्या आणि मधल्या हिरव्या बाजूच्या शांत राहिल्या की मेंदू हा रंग दाखवतो. यावरून ‘मॅजेंटा अस्तित्वातच नाही’ असं सांगणारे व्हिडिओ फिरत असतात. हा न्याय लावला तर पांढरा आणि तपकिरीही गेले, कारण एका तरंगलांबीत तेही मिळत नाहीत.

नाव मात्र या दोघांपेक्षा जुनं आहे. १८५९ च्या सुमारास फ्रान्समध्ये व्हेर्गँ या रसायनशास्त्रज्ञाने एक लालसर जांभळा कृत्रिम रंग बनवला. फ्युशियाच्या फुलावरून त्याला फुक्सिन म्हणू लागले. त्याच वर्षी ४ जूनला उत्तर इटलीतल्या मॅजेंटा गावाजवळ फ्रेंच आणि त्यांच्या साथीदारांनी ऑस्ट्रियाच्या सैन्याला हरवलं, आणि रंगाला लढाईचं नाव चिकटलं. तेव्हा चाररंगी छपाई रुळलेली नव्हती आणि पडद्याचा तर प्रश्नच नव्हता.

आता अर्थाकडे. मॅजेंटा म्हणजे करुणा, समतोल, आत्मिक उन्नती, अशा याद्या जागोजागी मिळतात. माझा त्यांच्यावर फारसा विश्वास नाही. रंगाचा अर्थ तो कुठे वापरला जातो त्यावरून कळतो, आणि तिथे हे दोघे अगदी विरुद्ध टोकांना आहेत.

पडद्यावरचा मॅजेंटा ओरडतो. निसर्गातल्या दृश्यांत इतका भडक रंग क्वचित येतो, म्हणून त्याला इशाऱ्याची कामं मिळाली. विमानाच्या कॉकपिटमध्ये ठरलेला मार्ग मॅजेंटा रेषेने दाखवतात. जुन्या व्हिडिओ गेममध्ये चित्राचा जो भाग पारदर्शक ठेवायचा तो २५५, ०, २५५ ने भरत, कारण चित्रात तो रंग चुकूनही येणार नाही, ही खात्री. गेममध्ये एखादी वस्तू अचानक भडक मॅजेंटा दिसली तर तिचं टेक्स्चर (वर चढवलेलं चित्र) किंवा शेडर (रंग-उजेड ठरवणारा प्रोग्राम) हरवलंय, हे बनवणाऱ्याला लगेच कळतं.

शाईतला मॅजेंटा लपून काम करतो. छापील मासिकातला एखादा चेहरा भिंगाखाली धरून बघा. कातडीचा रंग कुठेच नसतो, असतात ते पिवळ्यात मिसळलेले मॅजेंटाचे बारीक ठिपके, गालावर दाट, कपाळावर विरळ, आणि सावलीत थोडा सायन. भिंग बाजूला केलं की चेहरा परत जुळून येतो. छापलेला लाल म्हणजे मॅजेंटा अधिक पिवळा, छापलेला निळा म्हणजे मॅजेंटा अधिक सायन. त्यामुळे मशीनवर मॅजेंटा जरा जास्त सुटला की माणसं उन्हात भाजल्यासारखी दिसतात आणि आभाळ जांभळं पडतं.

अर्थात शाईतल्या मॅजेंटालाही कधी पुढे यावं लागतं. किरणोत्साराचं तीन पाकळ्यांचं चिन्ह १९४६ मध्ये अमेरिकेतल्या बर्कलीच्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा काढलं गेलं, तेव्हा ते निळ्यावर मॅजेंटा होतं. पार्श्वभूमी पुढे पिवळी झाली, पण अमेरिकेत मॅजेंटा पाकळ्या आजही चालतात. डॉइचे टेलिकॉम या जर्मन दूरसंचार कंपनीने हा रंग आपली ओळख म्हणून वापरला, आणि त्यांची छटा शाईच्या मॅजेंटाच्या जवळची आहे. माझ्या मते ते शहाणपणाचं आहे, कारण छापता येणारा रंग पडद्यावर आणणं सोपं, उलटं कठीण.

वेबवर मजकुरासाठी पडद्यावरचा मॅजेंटा जपून वापरावा. पांढऱ्यावर त्याचं कॉन्ट्रास्टचं गुणोत्तर ३.१ च्या आसपास येतं आणि साध्या मजकुराला किमान ४.५ लागतं. मोठ्या शीर्षकाला चालून जाईल, परिच्छेदाला नाही. काळ्यावर मात्र तो ६.७ पर्यंत जातो. आलेखात लाल-हिरव्या जोडीऐवजी मॅजेंटा आणि हिरवा घेतला तर लाल-हिरवं रंगांधत्व असलेल्यांनाही दोन्ही वेगळे दिसतात, कारण मॅजेंटातला निळा त्यांच्या नजरेतून सुटत नाही.

शेवटी एक सापळा. ऑफिसातल्या इंकजेटवर काढलेला नमुना गिऱ्हाइकाला रंगासाठी दाखवू नये. इंकजेटच्या मॅजेंटात पुष्कळदा क्विनॅक्रिडोन जातीचं रंगद्रव्य असतं आणि ते लिथॉल रुबिनपेक्षा निळ्याकडे झुकलेलं असतं. नमुना पडद्याच्या जवळ जातो, गिऱ्हाईक खूश होतं, आणि ऑफसेटवरून गठ्ठे आले की भांडण सुरू होतं. ऑफसेटच्या प्रोफाइलवर, म्हणजे त्या छपाईच्या रंगांची नोंद असलेल्या फाइलवर, काढलेलं प्रूफ (छपाईआधीचा नमुना) मागा आणि सही त्यावरच घ्या.